काडीवरचे दोन मणी

जरा बसा.

खुर्ची असेल, सतरंजी असेल, घाटाची पायरी असेल. जिथे आहात तिथेच. पाठ सरळ, पण सैल.

एक श्वास आत. एक बाहेर.

आज एकच गोष्ट पाहायची आहे. एक काडी, आणि तिच्यात ओवलेले दोन मणी. आणखी जे काही येईल, ते या काडीजवळ येईल आणि जाईल. आपण काडीपाशीच राहू.

काडी म्हणून स्वेटर विणायची सुई चालेल. ताठ, सहजी न वाकणारी.

मणी मात्र कोल्हापूरच्या गुजरीतून आणू. तिथे सोनाराच्या पेढीवर साज मांडलेला असतो. चंद्र, शंख, कासव, मासा अशा पानड्या, आणि पानड्यांच्या मधे जावमणी. बघणाऱ्याची नजर पानड्यांवर जाते. आपण मण्यांकडे पाहू.

एक मणी मनातल्या तळहातावर घ्या. हलका आहे. सोनेरी आहे. आरपार भोक आहे, आणि भोकाची कड किंचित खरबरीत आहे.

तो काडीत घाला.

सुळकन घसरत नाही. थोडा अडतो. बोटानं ढकलला की सरकतो, बोट काढलं की थांबतो. ते अडणं नीट लक्षात असू द्या. पुढे सगळं त्या अडण्यावरच येणार आहे.

आता दुसरा मणी. तो काडीच्या दुसऱ्या टोकाजवळ.

काडी आडवी करा. दोन बारीक दोऱ्यांनी तिला मनातच टांगून ठेवा. हात काढून घ्या.

काडी स्थिर. मणी स्थिर.

नुसतं पाहत राहा.

आता थोडा वेळ स्वतःच्या बैठकीकडे या.

तुमचं वजन जाणवतंय का? कुठे जाणवतं? मांड्यांखाली. टाचांखाली. ढोपर टेकलं असेल तर ढोपराखाली.

तिथेच थांबा. घाई नको.

नेमकं काय जाणवतंय? खालची फरशी तुम्हाला वर रेटते आहे, तो रेटा. पृथ्वी खाली ओढते, असं आपण शाळेपासून म्हणत आलो. पण अंगाला कळतो तो फक्त फरशीचा रेटा. ओढ अशी कुठे हाताला लागत नाही.

पंचगंगेच्या घाटावरून पोरं पाण्यात उडी टाकतात. पाय दगडावरून सुटलेले, पाणी अजून लागलेलं नाही. तेवढ्यापुरतं त्यांना वजन नसतं. पोटात एक पोकळी येते, ती तीच.

१९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनच्या मनात हाच विचार आला. मोकळा पडणारा माणूस स्वतःचं वजन अनुभवत नाही. पुढे तो म्हणायचा, आयुष्यातला हा माझा सगळ्यात सुखाचा विचार. त्याच विचारावर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत उभा राहिला.

एका जागी, एका बिंदूपाशी, गुरुत्व सोडून देता येतं. फक्त स्वतःला सोडून द्यायचं.

श्वास सोडा. खांदे सोडा.

मग एक प्रश्न उरतो. तो हळूच विचारू.

जे कुठल्याही एका जागी पुसून टाकता येतं, त्याची ऊर्जा त्या जागी किती म्हणायची?

उत्तर द्यायचं नाही. प्रश्न तसाच मांडीवर राहू द्या.

या प्रश्नानं शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या माणसांची झोप उडवली होती. आइन्स्टाइनने गुरुत्वाच्या ऊर्जेसाठी एक सूत्र मांडलं. १९१८ च्या सुमारास श्रोडिंगरने दाखवलं, की मोजण्याची चौकट जरा वेगळी घेतली, तर ताऱ्याभोवती जिथे ऊर्जा असायला हवी तिथे हे सूत्र शून्य देतं. बाउअर नावाच्या अभ्यासकाने उलट बाजू दाखवली. जिथे काहीच नाही, नुसतं सपाट रितं अवकाश आहे, तिथेही चौकट बदलली की हेच सूत्र ऊर्जा दाखवू लागतं.

आहे तिथे नाही. नाही तिथे आहे.

पुष्कळांना वाटलं, गणित कुठेतरी चुकतंय. मला तसं वाटत नाही. गणित प्रामाणिकपणे एवढंच सांगतंय, की इथे बोट ठेवू नका. एका बिंदूवर बोट ठेवून हे कळणारं नाही.

काडीकडे परत या.

दोन मण्यांतल्या एकाकडेच पाहा. दुसरा विसरा.

याला काही कळतं का? जग त्याच्याभोवती आहे तसंच आहे. तो एकटा आहे. एकट्याला गुरुत्वाचा पत्ता लागत नाही.

आता दोघांकडे पाहा. एकदम.

एक इकडे, एक तिकडे. मधे अंतर.

नजर मण्यांवर नको. त्या अंतरावर ठेवा.

गुरुत्व इथे दिसतं. एका ठिकाणी नसतं, ते दोन ठिकाणांच्या फरकात असतं. चंद्र समुद्राच्या अलीकडच्या पाण्याला जरा जास्त ओढतो, पलीकडच्या पाण्याला जरा कमी. त्या फरकातून कोकणच्या किनाऱ्यावर भरती येते. फरक नसता, तर चंद्र असूनही समुद्राला तो कळला नसता.

अंतरावर राहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता वरून, तुमच्या टाळूच्या दिशेनं, काहीतरी येतंय अशी कल्पना करा. आवाज नाही, उजेड नाही. हवेतून येत नाही. हवा ज्या अवकाशात आहे, त्या अवकाशातूनच ते येतंय.

श्वास घ्या, आणि पाहा. दक्षिण-उत्तर अंतरं किंचित लांबतात. पूर्व-पश्चिम अंतरं किंचित आखडतात.

श्वास सोडा, आणि पाहा. आता उलट. दक्षिण-उत्तर आखडतं, पूर्व-पश्चिम लांबतं.

पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

गुरुत्वीय लहर एवढंच करते. ज्या दिशेनं जाते, त्या दिशेला काही करत नाही. तिच्या आडव्या अंगानं अंतरं ताणते आणि दाबते, आळीपाळीनं.

काडी दक्षिणोत्तर टांगलेली असू द्या.

लहर येते. मणी एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात, मग जवळ येऊ पाहतात. काडीचं तसं होत नाही. तिचे अणू एकमेकांना घट्ट धरून आहेत. ते लांबी सोडत नाहीत.

मणी सरकतात. काडी सरकत नाही.

आणि मणी काडीत अडतात, आठवतं ना? भोकाची ती खरबरीत कड. सरकताना घासते.

घासलं की ऊब येते.

इथे थांबा. ही ऊब पाहा.

जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या चॅपेल हिल गावी जगभरचे गुरुत्वाचे अभ्यासक जमले होते. तोवर चाळीस वर्षं वाद चालला होता, की या लहरी खऱ्या आहेत की नुसत्या कागदावरच्या. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने १९२२ मध्ये दाखवलं होतं, की समीकरणांतून निघणाऱ्या लहरींपैकी काही निव्वळ चौकटीच्या खेळाच्या आहेत, विचाराच्या वेगानं धावणाऱ्या. १९३६ मध्ये तर खुद्द आइन्स्टाइनने, सहकारी रोझेनबरोबर, लहरी नाहीतच असं लिहून छापायला पाठवलं, आणि मग मत बदललं.

त्या बैठकीत रिचर्ड फाइनमनने काडी आणि मणी पुढे केले. हर्मन बाँडीनेही तोच युक्तिवाद त्याच वर्षी छापला. काडी गरम होते. उष्णता ही ऊर्जा आहे. ती कुठून आली? लहरीकडूनच आली असणार.

किती साधं आहे हे. समीकरणांचे ढीग बाजूला ठेवून दोन मणी घ्यायचे, आणि ऊब पाहायची. आजवरच्या सगळ्या भौतिकशास्त्रात मला याहून जवळची वाटणारी गोष्ट नाही.

लहर नेमकी कुठल्या बिंदूवर किती ऊर्जा घेऊन आली, हे काडी सांगत नाही. मणी उबदार झाले, एवढंच सांगते.

ऊब बोटांना जाणवू द्या.

आता पाहणं दुसऱ्या टोकाला नेऊ. इथे कुणाला तरी काही मिळालं, तर तिथे कुणाचं तरी काही गेलं असेल.

तुमच्या अंगावर ऊन आहे का? असेल तर डोळे मिटून तिकडे तोंड करा. नसेल तर आठवा. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारी सरता सरता किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पायांना लागतात, वर चढतात. गाभाऱ्यासमोर माणसं गप्प उभी असतात.

तो उजेड म्हणजे सूर्याचं वजन आहे. अलंकारिक बोलत नाही मी. सूर्य प्रकाश देतो, आणि त्यापायी दर सेकंदाला सुमारे ४० लाख टनांनी हलका होतो.

त्या उन्हाकडे पुन्हा पाहा.

याच गोष्टीपाशी कोल्हापूरचा एक माणूस येतो. विष्णु वासुदेव नारळीकर. जन्म १९०८ चा, कोल्हापूरचा. एडिंग्टन शिकवत होता त्या काळच्या केंब्रिजमध्ये ते शिकले, आणि १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. आपल्या देशात सापेक्षतेचं गणित फार थोडे लोक करत होते, तेव्हा त्यांनी बनारसला त्याची एक परंपरा सुरू केली.

१९४२ मध्ये गुजरातेतला एक तरुण त्यांच्याकडे आला. प्रह्लाद चुनीलाल वैद्य. स्वतःच्या पुंजीवर, बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन.

तोवर तारा म्हटलं की गणितात श्वार्झशिल्डचा तारा येई. गोल, स्थिर, आणि काळोखा. त्याचं वस्तुमान कधी बदलत नाही, कारण तो काही देतच नाही. पण खरा तारा तळपतो. त्याच्याभोवती त्याचाच प्रकाश पसरलेला असतो, आणि त्या प्रकाशालाही वजन असतं. मग तळपणाऱ्या ताऱ्याभोवतीचं अवकाश कसं असेल?

वैद्यांनी १९४३ मध्ये ते गणित सोडवून छापलं.

त्यांच्या उत्तरात एक गोष्ट फार सुंदर आहे. ताऱ्याचं वस्तुमान किती, हे तुम्ही कुठल्या किरणाबरोबर चालत आहात त्यावर ठरतं. आज निघालेल्या किरणाबरोबर दूर चालत गेलात, तर आजचं वस्तुमान तुमच्या हाती. उद्याच्या किरणाबरोबर गेलात, तर जरा कमी.

चालून पाहू.

एक किरण निवडा. तो ताऱ्याच्या अंगावरून निघतो. त्याच्या बाजूनं चाला. मागे वळायचं नाही. काही अडवत नाही, काही संपत नाही.

पुढचा किरण घ्या. चाला. वजन थोडं कमी.

पुढचा. आणखी थोडं.

जवळ उभं राहून हे दिसत नाही. लांब जावं लागतं, आणि निघालेल्याच्या सोबतीनं जावं लागतं. १९६२ मध्ये बाँडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुरुत्वीय लहरींसाठी हीच वाट धरली. फार दूर, लहरींच्या सोबतीनं जाऊन त्यांनी मागे राहिलेल्याचं वस्तुमान मोजायचं ठरवलं. लहरी निघत असतील, तर ते कमीच होतं. कधी वाढत नाही.

बिंदूपाशी जी ऊर्जा सापडत नव्हती, ती अशी सापडली. मागे राहिलेल्यात किती उणं झालं, यातून.

श्वास.

आता एक दुपार.

१४ सप्टेंबर २०१५. सोमवार. गणेशचतुर्थी तीन दिवसांवर आलेली. तुम्ही कोल्हापुरात आहात, असं समजा.

कुंभारगल्लीत उभे राहा. ओल्या रंगाचा वास आहे. पत्र्याच्या मांडवाखाली मूर्ती ओळीनं बसलेल्या. एक कारागीर उकिडवा बसून डोळ्यांची आखणी करतोय. डावा डोळा झालाय. उजव्यासाठी त्यानं कुंचला उचललाय. हात हवेत थांबला आहे. अशा वेळी तो श्वास रोखून धरतो.

तुम्हीही धरा.

तीन वाजून वीस मिनिटं, पंचेचाळीस सेकंद.

गेली.

श्वास सोडा. कुंचला टेकला. बुबुळ उमटलं.

काही जाणवलं का? कुणालाच नाही. तेवढ्यात कुंभारगल्लीतून, रंकाळा तळ्यातून, त्या कारागिराच्या मनगटातून आणि तुमच्या बरगड्यांतून एक लहर आरपार गेली. अख्खी पृथ्वी ओलांडायला तिला सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळ लागला. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगोच्या दोन यंत्रांनी ती टिपली, एकाने दुसऱ्याच्या सात सहस्रांश सेकंद आधी. माणसाने टिपलेली ती पहिली गुरुत्वीय लहर.

ती सुमारे १३० कोटी वर्षं प्रवासात होती. कोल्हापूरच्या देवळांचा काळा दगड आपल्याला फार पुराणा वाटतो. तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लहर निघाली तेव्हा हा दगड व्हायलाच अजून सव्वाशे कोटी वर्षं जायची होती.

त्या दूरच्या जागी जाऊ. सावकाश.

दोन कृष्णविवरं. एक सुमारे ३६ सूर्यांच्या वजनाचं, दुसरं २९. एकमेकांभोवती फिरताहेत. जवळ येताहेत. वेग वाढतोय. आणखी जवळ.

एक झालं.

आता तोला. ३६ आणि २९ मिळून ६५ व्हायला हवेत. उरले ६२.

तीन सूर्य कुठे गेले?

जळाले नाहीत. उजेड झाला नाही. राख नाही, धूर नाही. तीन सूर्यांचं वस्तुमान निव्वळ ताण आणि दाब होऊन अवकाशात पसरलं, बहुतेक सगळं सेकंदाच्या एका लहानशा अंशात. शेवटच्या टोकाला त्या जोडीतून जी शक्ती बाहेर पडत होती, ती दिसणाऱ्या विश्वातल्या साऱ्या ताऱ्यांच्या एकूण प्रकाशापेक्षा जास्त होती.

इथे राहा.

तीन सूर्य.

आणि आता पुन्हा कुंभारगल्ली. १३० कोटी प्रकाशवर्षांत पसरून पसरून त्यातलं इथे काय पोचलं? मनात येतं, काहीच पोचलं नसेल. पण हिशेब मांडला की वेगळंच दिसतं. लहरीच्या ऐन भरात, कोल्हापूरच्या दर चौरस मीटरमधून वाहणारी ऊर्जा पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा काही पट जास्त होती.

पौर्णिमेचं चांदणं आठवा. रंकाळ्याच्या काठावर, पाण्यावर, हातांवर.

त्याहून जास्त. भर दुपारी. तुमच्यातून.

चांदणं हातावर थांबतं, म्हणून दिसतं. ही थांबत नाही. भिंत तिला अडवत नाही, डोंगर अडवत नाही, पृथ्वी अडवत नाही. आणि अवकाश इतकं ताठ आहे, की एवढी ऊर्जा वाहूनही ते जेमतेम हललं. तुमची उंची त्या क्षणी बदलली असेल ती प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा लाखाव्या भागाएवढी. लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजासुद्धा प्रोटॉनच्या एका बारीकशा अंशानं हलल्या.

ही लहर फार मोठी होती, आणि तिचा स्पर्श फार हलका होता. दोन्ही एकदम मनात धरा. एकानं दुसरं खोडू नका.

पुन्हा तोच प्रश्न घेऊ. अजून मांडीवर असेल.

ती ऊर्जा कुठे होती? मूर्तीत? कुंचल्यात? दोघांच्या मधल्या हवेत?

लहरीचा सूर चढत गेला. सेकंदाला सुमारे ३५ हेलकाव्यांपासून २५० पर्यंत. मधे कुठेतरी, दीडशेच्या आसपास, एका लहरीची लांबी २००० किलोमीटर होती. कोल्हापूरपासून श्रीनगरपर्यंत.

एवढी लांब लहर. तिच्या पोटात अख्खं कोल्हापूर एका ठिपक्याएवढंही नाही.

१९६८ मध्ये रिचर्ड इसाक्सनने गणितानं दाखवलं, की गुरुत्वीय लहरीच्या ऊर्जेला अर्थ येतो तो अनेक लहरी एकत्र धरून, त्यांची सरासरी घेतली तर. एका लहरीच्या आतल्या एका जागेला ‘तुझ्यात किती?’ विचारण्यात अर्थ नाही. ती जागा खोटं बोलत नाही. तिला ते माहीतच नाही.

मग नजर रुंद करू.

डोळ्यांसमोरचं तेवढंच नको. डाव्या कडेचं, उजव्या कडेचंही येऊ द्या. या खोलीपलीकडचं गाव. गावापलीकडे जोतिबाचा डोंगर, पन्हाळा. त्यापलीकडे सह्याद्रीची रांग. आणखी रुंद. एक लहर. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे तिसरी.

एवढ्या सगळ्यावर एकदम लक्ष ठेवा. कशावरही रोखू नका.

असं पाहिलं, की ऊर्जा आहे. खरी आहे, मोजता येते.

आता डोळे मिटा. फक्त ऐका.

आधी मोठे आवाज येतील. रिक्षा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही. त्यांना येऊ द्या. त्यांच्या खाली पंख्याची घरघर. तिच्याही खाली कानातला स्वतःचाच सूं.

या सगळ्यात एक सूर दडलेला आहे आणि तो तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, असं समजा. मनात तो धरा. गोंगाटावरून सावकाश फिरवा. जुळत नाही. जुळत नाही. पुढे सरका.

पुण्याच्या आयुकात हेच काम वर्षानुवर्षं झालं. विष्णु नारळीकरांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांचाही जन्म कोल्हापूरचाच, १९३८ चा. आयुका ही संस्था त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात उभी केली. तिथे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये मांडलं, की फिरत फिरत एकजीव होणाऱ्या जोड्यांच्या लहरी गोंगाटातून निवडायला कुठले सूर आधीच हाताशी हवेत, आणि किती अंतराअंतरानं. यंत्रांनी पहिली लहर ऐकली, त्याच्या चोवीस वर्षं आधी. ऐकायला काहीच नव्हतं, तेव्हा ही माणसं कान तयार करत होती. मला या धीराचं फार मोल वाटतं.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. पहिल्या लहरीची बातमी त्यांच्या हयातीत आली, हे बरं झालं.

ऐकत राहा. थोडा वेळ.

आणि मग एकदा काडीकडे पाहा. मणी जिथे होते तिथेच दिसतात. तसेच राहू द्या.

डोळे उघडा.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींशी काटकोनात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती सुरू झाली, की दूरची कृष्णविवरं मराठवाड्यातूनही ऐकू येतील.

एक लहर मात्र औंढ्यालाही ऐकू येणार नाही. आपली स्वतःची.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा तीही गुरुत्वीय लहरी सोडते. त्यांची शक्ती मोजली तर सुमारे २०० वॉट. एवढी मोठी पृथ्वी, एवढा मोठा सूर्य, आणि बाहेर पडते ती शक्ती जुन्या, शंभर-शंभर वॉटच्या दोन पिवळ्या दिव्यांएवढी.

हे सावकाश वाचायला तुम्हाला पाव तास लागला असेल. तेवढ्यात पृथ्वी-सूर्याच्या या जोडीतून गेलेल्या ऊर्जेवर अर्धा लिटर पाणी उकळलं असतं. तीन-चार कप चहा. या गळतीपायी आपली कक्षा दिवसाला एका प्रोटॉनच्या व्यासाहूनही कमी अंतरानं आत सरकते.

ती ऊर्जा आत्ता कुठे आहे, हे विचारायचं तर फार रुंद नजर लागेल. कारण या लहरीची लांबी अर्धं प्रकाशवर्ष आहे. तिचा एक हेलकावा पुरा व्हायला सहा महिने लागतात. गणपतीला सुरू झालेला होळीला संपतो, आणि लगेच पुढचा सुरू होतो.